एका पिवळ्या रेषेची गोष्ट

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वाघोटन खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे विजयदुर्ग उभा आहे. किल्ला बघायला आलेल्या माणसाला आधी तिहेरी तटबंदी दाखवतात, मग मराठी आरमाराच्या आणि आंग्र्यांच्या हकिगती सांगतात आणि त्यानंतर दगडी चौथऱ्यांपाशी नेतात. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकयर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हेलियम सापडला, अशी इथली गोष्ट. दर वर्षी 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. शाळकरी मुलं येतात, व्याख्यानं होतात. एका मूलद्रव्याच्या शोधासाठी अख्खं गाव जमावं, हे फारच लोभस आहे.

पण ऑगस्ट 1868 मध्ये लॉकयर विजयदुर्गावर नव्हते. ते इंग्लंडात होते. सरकारच्या युद्धखात्यात कारकून होते, फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य बघत होते, आणि त्यांनी बनवायला दिलेलं एक यंत्र कारागिराकडून अजून यायचं होतं. विजयदुर्गला ते खरोखरच आले, किल्ल्यावर छावणी टाकून राहिले, ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून त्यांनी वेधाच्या कामाला लावलं; पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. साहेब खरा, ग्रहण खरं, किल्ला तर खराच. सांगता सांगता मधली तीस वर्षं तेवढी गळून पडली.

चूक काढून दाखवणं सोपं असतं आणि त्यात आनंद थोडाच. खरा आनंद आहे तो गळालेली तीस वर्षं पुन्हा जागच्या जागी ठेवून बघण्यात. कारण त्या वर्षांत आणि त्यांच्या आगेमागे कोकण किनारा आहे, गुंटूर आहे, वेढा पडलेलं पॅरिस आहे, एका बुकबाइंडरच्या दुकानातला पोरगा आहे, हातातून शोध निसटलेला एक अमेरिकन रसायनतज्ज्ञ आहे. ‘हेलियमचा शोध : 1868, जॅन्सन व लॉकयर’ ही पाठ्यपुस्तकातली एक ओळ पाठ करायला पुरते. त्या ओळीवर कुणाचा जीव जडत नाही. जीव जडतो तो, ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना ते कसं कसं कळत गेलं, हे ऐकल्यावर.

1868 च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर भारतात शिरला आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा जात बंगालच्या उपसागरात उतरला. पट्ट्यावर जागोजागी वेधकरी बसले होते. विजापुरात हेग होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन, गुंटूरला मेजर टेनंट आणि त्यांच्याखेरीज फ्रान्सहून मुद्दाम आलेले पिएर जॅन्सन. पुढे सयाममध्ये राजा मोंगकुट यांनी या ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं होतं. ते बघायला ते दलदलीच्या मुलखात गेले, तिथे त्यांना हिवताप झाला आणि काही आठवड्यांतच ते वारले.

या सगळ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. खग्रास स्थितीत चंद्राच्या काळ्या बिंबाच्या कडेने तांबड्या ज्वाला दिसतात, त्या कशाच्या?

तोवर असा प्रश्न विचारायची सोय होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वचिंतकांनी 1835 मध्ये लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती माणसाला मोजता येतील, पण ते कशाचे बनलेत हे कधीच कळणार नाही. विधान अविचाराचं नव्हतं. ताऱ्यावरून मूठभर माती आणणार कोण? पण 1859 मध्ये हायडलबर्गला किर्खहॉफ आणि बुन्सेन या जोडीने दाखवून दिलं की माती आणायची गरज नाही, उजेड पुरतो. प्रत्येक मूलद्रव्याची तापलेली वाफ ठरावीक रंगांचाच प्रकाश देते. लोलकातून तो प्रकाश फाकवला की ठरलेल्या जागी ठरलेल्या रेषा उमटतात. मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की ज्योत पिवळीधमक होते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटात त्याच्या दोन रेषा अगदी जवळजवळ दिसतात. जर्मन काचकारागीर फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या पाचशेहून अधिक काळ्या रेषा 1814 च्या सुमारास नोंदवल्या होत्या, तेव्हा या जागेला त्यांनी ‘डी’ हे अक्षर दिलं होतं. रेषा का आहेत हे मात्र फ्राउनहोफर यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

18 ऑगस्टला सूर्य झाकला गेला आणि वर्णपटदर्शक यंत्र लावून बसलेल्यांना तांबड्या ज्वालांच्या जागी झगझगीत रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या, त्यात हायड्रोजन होता, प्रश्न सुटला. एक पिवळी रेषही अनेकांना दिसली. पिवळी म्हणजे सोडियमचीच, असं बहुतेकांनी धरलं. पॉगसन यांनी ती डीच्या जागी किंवा जवळपास असल्याचं नोंदवलं. ‘जवळपास’ हा शब्द त्या वेळी कुणाच्या डोळ्यांत भरला नाही.

जॅन्सन यांच्या मनात भलतंच चालू होतं. रेषा इतक्या ठळक आहेत, तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी, 19 ऑगस्टला, लख्ख उन्हात त्यांनी यंत्राची चीर सूर्याच्या कडेवर आणली आणि रेषा दिसल्या. ज्वाला बघायला तोवर खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे, जगाच्या टोकाला जावं लागे आणि हाती मोजकी मिनिटं येत. जॅन्सन गुंटूरमध्ये पुढे सतरा दिवस रोज त्या बघत राहिले. त्यांचा खरा शोध हा होता. हेलियम त्यांनी शोधला असं पुस्तकांतून छापलं जातं खरं, पण त्यांनी जे केलं ते त्याहून कमी मोलाचं नव्हतं.

इकडे लॉकयर यांना हीच युक्ती भारतातली बातमी येण्याआधीच सुचली होती. त्यांचं यंत्र ऑक्टोबरात एकदाचं आलं आणि 20 ऑक्टोबर 1868 रोजी त्यांनीही ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जॅन्सन यांचं पत्र भारतातून समुद्रमार्गे पॅरिसला पोचलं, लॉकयर यांचं लंडनहून, आणि 26 ऑक्टोबरला फ्रेंच विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत दोन्ही वाचली गेली. श्रेयावरून तंटा होण्याचीच ही वेळ. तो झाला नाही. फ्रेंच सरकारने पुढे एक पदक पाडलं, त्यावर दोघांचेही चेहरे शेजारी शेजारी आहेत. जॅन्सन यांचा ग्रहणांचा नाद पुढेही सुटला नाही. डिसेंबर 1870 मध्ये अल्जीरियात ग्रहण दिसणार होतं आणि पॅरिसला प्रशियाच्या फौजेचा वेढा पडला होता. हे गृहस्थ दुर्बिणीचे भाग घेऊन ‘व्होल्टा’ नावाच्या बलूनमध्ये बसले आणि शत्रूच्या डोक्यावरून बाहेर पडले. ओरानला वेळेवर पोचले. ग्रहणाच्या दिवशी आभाळ ढगांनी गच्च भरलेलं होतं.

पिवळ्या रेषेकडे नीट बघितलं ते लॉकयर यांनी. आता त्यांना घाई नव्हती, सूर्य रोज उगवत होता. रेष सोडियमच्या जोडीशी जुळत नव्हती. आजच्या मोजमापात सांगायचं तर सोडियमच्या रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला आहेत आणि ही 587.6 ला. दीड नॅनोमीटरचा फरक. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाची रेष त्या जागी नव्हती. म्हणजे नवं मूलद्रव्य? लॉकयर यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांना ते पटेना. हायड्रोजनच वेगळ्या दाबाखाली, वेगळ्या तापमानात अशी रेष देत असेल, अशी त्यांची शंका होती. दोघांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ती रेष काढून घ्यायचा प्रयत्नही केला. ती निघाली नाही. तरी लॉकयर यांनी नव्या मूलद्रव्याची दवंडी पिटली नाही. हेलियम हे नाव जाहीरपणे प्रथम उच्चारलं गेलं ते 1871 मध्ये, एडिंबरोला ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम टॉमसन यांच्या, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांच्या तोंडून. पुढची दोन तपं हेलियम हे फक्त एका रेषेचं नाव होतं. अनेक रसायनतज्ज्ञांना त्याचं अस्तित्व मान्य नव्हतं. त्यांत मेंडेलीव्हही होते.

1890 च्या सुमारास अमेरिकेच्या भूशास्त्र खात्यातले विल्यम हिलब्रँड युरेनियमची खनिजं आम्लात उकळत होते. त्यातून एक वायू निघाला, कशाशीच संयोग न पावणारा. वर्णपटात काही अनोळखी रेषाही दिसल्या. तपासण्या नायट्रोजनकडे बोट दाखवत होत्या, म्हणून हिलब्रँड यांनी नायट्रोजन असं लिहून काम पुढे नेलं. लंडनमध्ये विल्यम रॅमझी यांनी नुकताच रेलींसोबत आर्गॉन शोधला होता आणि तो खनिजांत कुठे सापडतो का हे ते बघत होते. हिलब्रँड यांच्या वायूबद्दल त्यांना एका खनिजतज्ज्ञाने कळवलं. रॅमझींनी क्लेव्हाइट नावाचं युरेनियमयुक्त खनिज मिळवलं, वायू काढला, नळीत भरून त्यातून वीज सोडली. मार्च 1895. चमकदार पिवळी रेष दिसली, आणि ती सोडियमच्या जागी नव्हती.

रॅमझींकडचं यंत्र अचूक मोजणी करण्याइतकं चांगलं नव्हतं. म्हणून त्यांनी नळ्या दोघांकडे पाठवल्या : एक लॉकयर यांच्याकडे, जे सत्तावीस वर्षं या क्षणाची वाट बघत होते, आणि एक विल्यम क्रुक्स यांच्याकडे. क्रुक्स यांनी रेषेची जागा मोजली. ती सूर्यावरच्याच रेषेची होती. हे युरेनियमच्या खनिजातच का सापडावं, याचा उलगडा व्हायला आणखी दशकभर लागलं. रुदरफोर्ड यांनी दाखवलं की किरणोत्सारी द्रव्यातून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रं. युरेनियम झिजत जातं आणि दगडात हेलियम साठत जातो.

क्रुक्स यांच्या नावापाशी थोडं थांबायला हवं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं होत. मायकेल फॅरडे यांनी अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली शेवटची, 1860-61 ची, मेणबत्तीवर होती : ती जळते म्हणजे काय होतं, मेण वर कसं चढतं, ज्योतीत काय काय असतं, धूर का होतो, जळून तयार होणारं पाणी कुठे जातं. शब्दन् शब्द उतरवून घेऊन त्याचं पुस्तक करणारे तरुण संपादक म्हणजे हेच विल्यम क्रुक्स. पुस्तक 1861 मध्ये निघालं आणि त्याच वर्षी क्रुक्स यांनी वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवरून थॅलियम हे मूलद्रव्य शोधलं. मेणबत्तीच्या ज्योतीवरची व्याख्यानं अक्षर अक्षर जुळवणारा माणूस आणि ज्योतीतल्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखणारा माणूस एकच होता.

आणि फॅरडे? लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचं काम शिकायला लागलेला. बांधणीला आलेली पुस्तकं तो वाचत असे. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी मुलींसाठी संवादांच्या रूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक होतं, 1806 च्या सुमाराचं आणि लेखिकेचं नाव न घालता छापलेलं. त्यात सांगितलेले प्रयोग पोराने खिशाला परवडतील तसे करून पाहिले आणि ते खरे निघाले. पुढे एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, सुबक बांधून डेव्हींना पाठवली आणि 1813 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. मोठेपणीही फॅरडे मार्सेटबाईंचे ऋण उघडपणे मानत आले.

विज्ञानाची गोष्ट सांगणं हे विज्ञान पुरं झाल्यावर उरलेल्या वेळात करायचं काम आहे, असा समज आपल्याकडे विद्वानांतही आहे. शोध प्रयोगशाळेत लागतो, आणि मग कुणीतरी तो ‘सोपा करून’ सामान्यांना सांगतो. मार्सेटकडून फॅरडेंकडे, फॅरडेंकडून क्रुक्सकडे आणि क्रुक्सकडून हेलियमच्या मोजणीकडे येणारी ही ओळ बघितली की तो समज टिकत नाही. सांगणं हे विज्ञानाच्या आतच चालू असतं. स्वतः लॉकयर यांनी नोव्हेंबर 1869 मध्ये एक साप्ताहिक काढलं, वैज्ञानिकांनी एकमेकांशी आणि सुशिक्षित वाचकांशी बोलावं म्हणून. त्याचं नाव ‘नेचर’. आज जगभरचे संशोधक त्यात एक लेख यावा म्हणून धडपडतात.

हीच ओळ पुढे कलकत्त्याला पोचते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेघनाद साहा या तरुण अध्यापकाच्या हाती ॲग्नेस क्लार्क या आयरिश लेखिकेची सूर्य आणि तारे यांवरची लोकप्रिय पुस्तकं आली. क्लार्कबाई कुठल्या विद्यापीठात नव्हत्या, वेधशाळेत नोकरीला नव्हत्या. खगोलशास्त्रात काय चाललंय ते वाचून, पत्रव्यवहार करून त्या मन लावून लिहीत. काय कळलंय याबरोबरच काय कळलेलं नाही हेही त्या स्पष्ट लिहीत, आणि साहांना प्रश्न तिथे मिळाले. सूर्याच्या वातावरणात एखाद्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक आणि दुसऱ्याच्या गायब, असं का? साहांनी 1920 मध्ये उत्तर दिलं : रेष दिसणं हे मूलद्रव्याच्या प्रमाणाइतकंच तापमानावर आणि दाबावर ठरतं, कारण उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन निघून जातात. त्यांचं समीकरण आज जगातल्या प्रत्येक खगोलभौतिकीच्या विद्यार्थ्याला शिकावं लागतं.

ते समीकरण ताऱ्यांना लावणारी मुलगीही अशाच एका सांगण्यातून घडली. 1919 मध्ये केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांनी त्या वर्षीच्या सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर आणि आइनस्टाइनच्या सिद्धान्तावर व्याख्यान दिलं. सेसिलिया पेन वनस्पतीशास्त्र शिकायला आली होती. तिला ऐनवेळी तिकीट मिळालं. खोलीवर परतल्यावर तिने ते व्याख्यान जवळजवळ जसंच्या तसं लिहून काढलं आणि विषय बदलला. 1925 च्या प्रबंधात तिने साहा समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले आहेत. हेन्री नॉरिस रसेल या बड्या खगोलशास्त्रज्ञांना ते अशक्य वाटलं. त्यांच्या सांगण्यावरून पेन यांना आपला निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असं प्रबंधातच लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल यांनी स्वतः वेगळ्या वाटेने तेच उत्तर काढलं आणि पेन बरोबर होत्या हे मान्य केलं.

म्हणून या पुस्तकाच्या पुढच्या पानांतल्या प्रत्येक गोष्टीला एकच अट घातली आहे. कुणाला काय दिसलं, आणि त्यावरून त्यांना काय वाटलं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या. जॅन्सन यांना रेषा दिसल्या. हेलियम दिसला नाही. हिलब्रँड यांना अनोळखी वायू दिसला. त्यांना तो नायट्रोजन वाटला. दिसणं आणि कळणं यांच्यामधलं अंतर मिटवून टाकलं की हाती निकाल उरतो. ते अंतर उघडं ठेवलं की वाचणारा मुलगा किंवा मुलगी त्यात उतरू शकते.

मराठीत असं सांगणारे झाले आहेत, आणि फार आधी झाले आहेत. 1898 चं ग्रहण महाराष्ट्रावरून गेलं तेव्हा लॉकयर विजयदुर्गावर होते, पण ते एकटे नव्हते. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला होते. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा उभी केली होती, वीस इंची दुर्बिणीची; ती दुर्बीण 1912 मध्ये कोडाईकनालला गेली. विदर्भात रेल्वेमार्गावरच्या तळणीला ॲनी माँडर यांनी जेमतेम दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातला, म्हणजे कोरोनातला, कित्येक सूर्यव्यास लांबीचा झोत टिपला. लग्न केलं म्हणून त्यांना ग्रीनिच वेधशाळेतली नोकरी सोडावी लागली होती. कोकण, सोलापूर, विदर्भ या तिन्ही ठिकाणी त्या एका दिवशी जे घडलं त्याचं सविस्तर वर्णन मराठीत अजून कुणीतरी मनापासून लिहायला हवं.

त्याच वर्षी शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले. दापोलीजवळच्या मुरूडचे हे शिक्षक. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा थोर ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक असतो. पण त्याआधी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं होतं, आणि त्याला जोडनाव दिलं होतं ‘रात्रीची दोन घटका मौज’. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी शिक्षकाने आकाशाची ओळख करून देताना उपयुक्तता पुढे केली नाही, परीक्षा पुढे केली नाही, मौज पुढे केली. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही याहून नेमकं उद्दिष्ट सांगता येईल असं वाटत नाही.

मराठी विज्ञान परिषद 1966 मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटी केली की लेखक कळतो : जयंत विष्णू नारळीकर. ओळखीचं नाव आणि ओळखीचं अक्षर बघून परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं आणि गणितज्ञ असलेल्या पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल हेही कादंबरीकार होते, रेडिओवरून व्याख्यानं देणारे होते, आणि त्यांचाही हेलियमशी संबंध आहे. हॉइल यांनी रॉजर टेलर यांच्यासोबत 1964 मध्ये ‘नेचर’मध्येच दाखवलं की विश्वात जेवढा हेलियम आहे तेवढा ताऱ्यांत तयार झालेल्या हेलियमने भरून निघत नाही. उरलेला कुठून आला? बहुतेकांनी त्याचं उत्तर महास्फोटात शोधलं. हॉइल यांना महास्फोट कधीच पटला नाही, नारळीकरांनाही नाही. तरीही विरुद्ध पक्षाच्या हाती पुरावा जाईल असं गणित हॉइल यांनी स्वतः करून छापलं, ही हकिगत मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

नारळीकरांनी पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना पोस्टकार्डावर उत्तरं लिहिली, आणि त्यांच्याच हयातीत लोकांच्या वागण्यात फरक पडलेला दिसला. 16 फेब्रुवारी 1980 च्या ग्रहणाला भारतातल्या शहरांचे रस्ते ओस पडले होते. दूरदर्शनने लोकांनी घरातच थांबावं म्हणून चित्रपट लावला होता. 24 ऑक्टोबर 1995 ला विज्ञान चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव ग्रहणचष्मे वाटले, दूरदर्शनने राजस्थानातून ग्रहण थेट दाखवलं, आणि माणसं बाहेर पडून बघत उभी राहिली. पंधरा वर्षांत ग्रहण तेच राहिलं, सांगणारे वाढले.

आणखी एक रेष राहिली, तिच्याशिवाय ही प्रस्तावना अप्रामाणिक होईल. 7 ऑगस्ट 1869 रोजी अमेरिकेत दिसलेल्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना प्रभामंडलात एक हिरवी रेष दिसली. तीही पृथ्वीवरच्या कुठल्या पदार्थाशी जुळेना. लॉकयर यांनी जो तर्क केला तोच इथे केला गेला : नवं मूलद्रव्य असणार. त्याला कोरोनियम नाव मिळालं. हेलियम खरा निघाल्यावर तर कोरोनियमवरचा विश्वास आणखी वाढला. मेंडेलीव्ह यांनीही उतारवयात आपल्या मांडणीत त्याला जागा दिली. सुमारे सत्तर वर्षं ते पुस्तकांत राहिलं. तर्क तोच, निरीक्षण तितकंच चोख, आणि निष्कर्ष चूक. 1939 पासूनच्या काही वर्षांत वॉल्टर ग्रोट्रिअन आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून उलगडलं की ती रेष लोखंडाची आहे. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. साहांनी दाखवलेली वाट इथे टोकाला पोचली होती. इतके इलेक्ट्रॉन काढायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग आहे साडेपाच हजार अंशांच्या आसपास.

आगीपासून दूर जावं तसं गार वाटायला हवं. सूर्याचं वातावरण मात्र पृष्ठभागापासून दूर गेल्यावर शेकडो पटींनी तापतं. चुंबकीय क्षेत्रातून वर जाणाऱ्या लाटा ही उष्णता नेतात, असं काहींचं म्हणणं. चुंबकीय रेषा गुंतून तुटताना सतत होणारे असंख्य बारीक स्फोट ती देतात, असं युजीन पार्कर यांचं म्हणणं होतं. 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य एल-1 हे यान आता पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्याकडे बघत आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने त्यावर बसवलेल्या यंत्रात एक तबकडी सूर्यबिंब सतत झाकून ठेवते. जॅन्सन यांना जे हवं होतं ते, कायमचं ग्रहण. कोरोनियमची म्हणून प्रसिद्ध झालेली 530.3 नॅनोमीटरची ती हिरवी रेष हे यंत्र बघतं. शेजारची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली आहे. दोन्ही यंत्रांच्या नोंदी पृथ्वीवर येत आहेत, आणि लाटा की स्फोट, की दोन्ही, यावर अजून वाद चालू आहे.